चिप कुणाची, ते आधी पाहा

श्रीवर्धनला रेल्वे नाही. जवळचं मोठं स्टेशन म्हणजे माणगाव. तिथून साई, म्हसळा करत वळणावळणांनी एसटी. मुंबईत नोकरी करणाऱ्या मुलाने नवा लॅपटॉप घेतला की जुना धाकट्या भावंडासाठी याच वाटेने गावी येतो. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज ११ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते, ती या जुन्या यंत्रांत बहुधा नसते. उरतो तो लिनक्स, आणि तो टाकण्याआधीचा एक जुना रिवाज: आत कुठल्या चिपा आहेत आणि त्यांचे ड्रायव्हर, म्हणजे त्या चालवणारे प्रोग्रॅम, आहेत की नाहीत, हे पाहून घेणं.

शहरात हा रिवाज मोडला तरी फारसं बिघडत नाही. दुसरा संगणक असतो, शेजारी जाणकार असतो. गावात मात्र वायफायचा ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, आणि नेट नाही म्हणून ड्रायव्हर उतरवता येत नाही, असा पेच पडतो.

या रिवाजाची मुळं लिनक्सहून जुनी आहेत. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी केली होती. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रॅमचा सोर्स कोडच मिळेना. मागायला गेले, तर नकार आला. या अनुभवानंतर तीनेक वर्षांनी, १९८३मध्ये, त्यांनी जीएनयू प्रकल्प जाहीर केला. म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागे एका प्रिंटरचं दुखणं आहे. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टॉरवाल्ड्सने आपल्या नव्या प्रणालीची, म्हणजेच लिनक्सची, खबर दिली, तेव्हा एटी हार्डडिस्कखेरीज दुसरं काही ती बहुधा कधीच चालवणार नाही, असंही सांगून टाकलं. कारण साधं होतं: त्याच्याकडे तीच होती!

भारतात १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. लिनक्स मात्र नेटवरून उतरवणं परवडण्याजोगं नव्हतं. तो पीसीक्वेस्टसारख्या मासिकासोबतच्या सीडीवर घरी येई. तेव्हाचा खलनायक विनमोडेम. पैसे वाचवायला उत्पादकांनी मोडेमचं अर्धं काम चिपमधून काढून विंडोजच्या सॉफ्टवेअरवर टाकलं होतं, त्यामुळे लिनक्सपुढे ते कार्ड मुकं. जाणकाराचा सल्ला ठरलेला असे: मोडेम बाहेरचा घ्या, सिरियल पोर्टला लागणारा. मुंबई-पुण्याचे लिनक्स वापरकर्ते-गट लिनक्स बसवून देण्याचे मेळावे, म्हणजे इन्स्टॉल-फेस्ट, भरवत आणि लोक अख्खा सीपीयू उचलून तिथे नेत. कोकणातून कोण नेणार?

ही अडचण दोन गोष्टींनी हलकी केली. २०००मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी सीडीवरूनच चालणारं नॉपिक्स हे लिनक्स काढलं. सीडी घाला, संगणक सुरू करा, आवाज आणि नेट चालतं का पाहा. हार्डडिस्कला हातही लागत नाही. मग २००५पासून उबुंटू या लिनक्सच्या अवताराच्या सीडी टपालाने फुकट मिळू लागल्या. सुरुवातीच्या पाकिटात दोन असत, एक बसवायची आणि एक नुसती चालवून पाहायची. ही योजना २०११मध्ये बंद झाली.

वायफाय आलं तसा मोडेमचा त्रास ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपांनी चालू ठेवला. कंपनी माहिती देईना, तेव्हा एका गटाने कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर उलगडून चिप कशी वागते ते लिहून काढलं आणि दुसऱ्याने त्या टिपणावरून नवा ड्रायव्हर रचला. २००६मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्ये गेला. त्याला लागणारं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम, मात्र कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढावं लागे. ब्रॉडकॉमने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१०मध्ये, आणि तोही काहीच चिपांसाठी.

श्रीवर्धन ज्या रायगड जिल्ह्यात आहे, तिथेच उलट दिशेचा प्रयोगही झाला. २००७मध्ये खैरात गावच्या छोट्या शाळेत 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप आले. ते मुळातच लिनक्ससाठी घडवलेले: एएमडीचा जिओड प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, वर शुगर नावाचा मुलांसाठीचा इंटरफेस. तिथे कुणाला काही तपासायची गरज नव्हती. तरी वायफायची चिप मार्व्हेलची, आणि तिचं फर्मवेअर बंदिस्त. जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यावरून बरीच आदळआपट केली. इतक्या आदर्शवादी यंत्रालाही वायफायवाल्यापुढे नमतं घ्यावं लागलं, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, आणि नेमकं त्याच वर्षी शिक्षण ऑनलाइन गेलं. नेट ही सहज हाताशी असलेली वस्तू नव्हे, हे तेव्हा तालुक्याला नव्याने सांगावं लागलं नाही.

आता तपासणीला पेनड्राइव्ह पुरतो. त्यावरून लिनक्स चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा पाहायचा. झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का, तेही. बोटाचा ठसा घेणारा सेन्सर पुष्कळदा चालत नाही, पण त्यावाचून अडत नाही. एलएसपीसीआय ही आज्ञा दिली की बहुतेक चिपांचा उत्पादक कळतो. इंटेलचा उत्पादक-क्रमांक ८०८६, म्हणजे त्यांच्याच गाजलेल्या जुन्या प्रोसेसरचा. खाऱ्या हवेने गंजलेल्या पोर्टची खबर मात्र ती आज्ञा देत नाही! वायफाय नसलं, तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करता येतं, आणि वरचा पेच बहुतेकदा तिथेच सुटतो.

डेबियन या लिनक्सच्या आणखी एका अवताराने २०२२मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर आपल्या इन्स्टॉलरमध्ये घ्यायचं ठरवलं आणि २०२३च्या डेबियन १२पासून तसं केलं. पण दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अनेक स्वस्त लॅपटॉपांत ब्रॉडकॉमची बीसीएम ४३१४२ चिप आहे, आणि तिला आजही कंपनीचाच बंदिस्त ड्रायव्हर लागतो. उबुंटूच्या आयएसओमध्ये तो असतो. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये नसतो. तो वेगळा उतरवून घ्यावा लागतो.