खासगी तलावाचा निचरा आणि निगेची जबाबदारी : मालगुजारी तलावांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल हा परिसर भरपूर पावसाचा आहे. तरीही येथील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात पाणीटंचाईला तोंड द्यावे लागते. डोंगरउतारावर पडलेले पाणी थांबत नाही, हे या विसंगतीचे एक प्रमुख कारण होय. शेतातच पाणी अडविण्याचा उपाय म्हणून शेततळ्यांचा पुरस्कार झाला आणि २०१६ मध्ये राज्य शासनाने 'मागेल त्याला शेततळे' ही योजना सुरू केली. शेततळे हा एका अर्थाने खासगी तलावच आहे. त्याचे खोदकाम, आकारमान आणि अनुदान यांविषयी पुष्कळ चर्चा होते. तळे भरल्यानंतर जादा पाणी कोणत्या वाटेने जाईल आणि ती वाट दरवर्षी कोणी मोकळी ठेवायची, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न नवा नाही. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांच्या रूपाने खासगी मालकीच्या तलावांचा दीर्घ अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे. तलावाची मालकी कायद्याने एका दिवसात बदलता येते. परंतु त्याच्या निचऱ्याची निगा ज्या संबंधांवर उभी असते, ते संबंध कायद्याने आपोआप हस्तांतरित होत नाहीत, हे या अनुभवाच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

मालगुजारी तलावांची पार्श्वभूमी

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या पाच जिल्ह्यांत मिळून असे ६,८०० हून अधिक तलाव असल्याचे सांगितले जाते. वैनगंगेच्या खोऱ्यातील उंचसखल भूरचना आणि भाताचे पीक यांमुळे येथे तलावांची परंपरा रुजली. चांद्याच्या गोंड राजांच्या काळी तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन दिली जात असे, अशी परंपरा आहे. या कामात कोहळी समाजाचा वाटा मोठा होता. आर. व्ही. रसेल यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथातही तलाव बांधणारा समाज म्हणून कोहळींची नोंद आढळते. गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव बांध हा विस्तीर्ण तलाव परंपरेने कोलू पाटील कोहळी यांच्या नावाशी जोडला जातो.

१८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली. त्यानंतरच्या जमीनमहसूल बंदोबस्तात, पूर्वी केवळ महसूल गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावाचे मालकी हक्क देण्यात आले. गावातील तलावही या मालकीत आले. मात्र ही मालकी निरंकुश नव्हती. गावातील रूढ हक्क आणि वहिवाटी 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात नोंदविल्या जात. पाणी, जळण, चराई यांसारखे रयतेचे हक्क 'निस्तार' या नावाने ओळखले जात. म्हणजेच तलाव मालगुजाराचा असला, तरी पाण्यावर गावाचाही हक्क होता.

तुडुम आणि सलंग

या तलावांची रचना साधी परंतु विचारपूर्वक केलेली असे. पाणी अडविणारी मातीची पाळ, शेताला पाणी सोडणारे तुडुम आणि जादा पाणी बाहेर काढणारी सलंग, म्हणजेच सांडवा, हे तिचे तीन प्रमुख भाग होत. तुडुमाला निरनिराळ्या उंचीवर छिद्रे असत आणि ती बुचांनी बंद केली जात. पाण्याची पातळी उतरेल तसे वरून खाली एकेक बुच काढले जाई. त्यामुळे वरच्या थरातील पाणी कमी दाबाने बाहेर पडे आणि पाळीच्या पोटातील मार्गावर ताण येत नसे. हस्त नक्षत्राचा पाऊस हुकला, तर लोंबीवर आलेल्या भाताला याच पाण्याचा आधार असे.

सलंग शक्यतो पाळीच्या टोकाशी, कठीण मुरमाच्या किंवा खडकाच्या जागी काढली जाई. तिची पातळी पाळीच्या माथ्यापेक्षा खाली असणे हा संपूर्ण रचनेचा गाभा होता. मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले, की ती थोड्याच वेळात कापली जाते. सलंग बुजली किंवा अरुंद झाली, तर भक्कम पाळही धोक्यात येते. शिवाय अनेक ठिकाणी वरच्या तलावाचे सांडपाणी खालच्या तलावात जात असल्याने एका गावातील दुर्लक्षाचे परिणाम दुसऱ्या गावाला भोगावे लागत.

निगेची व्यवस्था आणि तिच्या मर्यादा

तलाव आटल्यावर उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकणे, पाळीवरील घळी व उंदरांची बिळे बुजविणे, तुडुमाचे मुख साफ करणे आणि सलंगीवरील झुडपे तोडणे ही कामे पावसापूर्वी उरकावी लागत. खर्चाचा भार मुख्यतः मालगुजारावर, तर श्रमाचा भार रयतेवर असे. मालगुजाराची स्वतःची सीर व खुदकास्त जमीन बहुधा त्याच पाण्यावर भिजत असल्याने तलाव फुटल्यास पहिले नुकसान त्याचेच होई. निगा राखणारा आणि लाभ घेणारा यांचे हित अशा प्रकारे एकाच पाळीशी बांधलेले होते.

तथापि, या व्यवस्थेचे उदात्तीकरण करणे योग्य ठरणार नाही. मालगुजारी गावांत बेगारीची प्रथा होती. श्रमदान आणि सक्ती यांतील सीमारेषा पुष्कळदा पुसट असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांताची मोठी हानी झाली, यावरून या तलावांची मर्यादाही दिसून येते. पुढे १९०१ ते १९०३ या काळातील सिंचन आयोगानंतर शासनाने रामटेक, घोडाझरी, असोलामेंढा यांसारखे मोठे तलाव हाती घेतले.

सांडवा आणि कायदा

खासगी तलावाचे पाणी दुसऱ्याच्या जमिनीत शिरल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात न्यायालयांसमोरही आला. इंग्लंडमध्ये १८६८ मध्ये 'रायलँड्स विरुद्ध फ्लेचर' या खटल्यात, गिरणीसाठी बांधलेल्या जलाशयाचे पाणी शेजारच्या कोळसा खाणीत शिरल्याबद्दल मालकाला निष्काळजीपणा सिद्ध न होताही जबाबदार धरण्यात आले. भारतात मात्र कार्वेटीनगरच्या जमीनदाराचे जुने तलाव फुटून मद्रास रेल्वे कंपनीचे नुकसान झाले, तेव्हा १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने वेगळी भूमिका घेतली. असे तलाव राखणे हा जमीनदाराचा केवळ हक्क नसून लोकांप्रती असलेले कर्तव्य आहे. त्यामुळे निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येणार नाही, असे ठरले. भारतीय तलाव खासगी असूनही सार्वजनिक स्वरूपाचा आहे, याची ही न्यायालयीन कबुलीच होती. निगा हा या कर्तव्याचा अविभाज्य भाग होता, हेही त्यातून सूचित होते.

१९५१ नंतरचे स्थित्यंतर

१९५० च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्याची अंमलबजावणी ३१ मार्च १९५१ पासून झाली आणि मालगुजारी संपुष्टात आली. गावातील तलाव, तळी व जलमार्ग शासनाकडे आले. कब्जातील जमिनीवर असलेले तलाव मात्र खासगी राहिले. सामाजिक न्यायाच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते. मात्र तलाव आणि त्याची निगा राखणारा माणूस यांचा संबंध या टप्प्यावर तुटला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यानंतर १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव त्यांच्याकडे आले. 'माजी मालगुजारी', म्हणजेच 'मामा' तलाव हे नाव तेवढे उरले.

पुढे एकाच तलावावर अनेकांचे हितसंबंध निर्माण झाले. तळाच्या जमिनीत पीक घेणाऱ्याला पाणी कमी हवे असते, तर पाळीखालच्या शेतकऱ्याला ते अधिक हवे असते. मासेमारीचा ठेका घेणाऱ्याला सलंगीवाटे मासे निसटू नयेत, म्हणून तेथे अडथळा घालावासा वाटतो. यांपैकी प्रत्येकाची मागणी समजण्याजोगी आहे. परंतु सलंग मोकळी ठेवण्याचे कर्तव्य निश्चितपणे कोणाकडेच नाही. उथळ पाण्यात फोफावणाऱ्या बेशरम वनस्पतीने त्यात भर घातली.

अलीकडील पुनरुज्जीवनाच्या प्रयत्नांत, विशेषतः २०१७ च्या 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' या योजनेत, गाळ काढण्यावर भर राहिला. गाळ काढणे आवश्यक आहे. तथापि तुडुमाच्या तळपातळीखाली केलेल्या खोदकामामुळे साठणारे पाणी उताराने शेतात जाऊ शकत नाही, आणि पाळीलगत खोदल्यास तिचा पायाच कमकुवत होतो. तलावाची क्षमता केवळ त्याच्या खोलीवर नव्हे, तर पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या वाटांवरही अवलंबून असते.

हरसूल परिसराच्या संदर्भात

'मागेल त्याला शेततळे' योजनेत कमाल ५०,००० रुपयांचे अनुदान होते. पाणी आत घेण्याची व बाहेर सोडण्याची सोय असलेली आणि तशी सोय नसलेली, असे शेततळ्यांचे दोन प्रकार त्यात होते. देखभालीची जबाबदारी लाभार्थी शेतकऱ्यावर होती. परंतु ही जबाबदारी त्याच्या बांधापर्यंतच पोहोचते. हरसूलसारख्या उताराच्या व अतिपावसाच्या प्रदेशात तळ्यातून बाहेर पडलेले पाणी शेजाऱ्याच्या भातखाचरातून किंवा नागलीच्या शेतातून ओहोळापर्यंत जाते. तेथील चर कोणी खोदावा, दगडी पिचिंग ढासळल्यास कोणी दुरुस्त करावे आणि माती वाहून गेल्यास भरपाई कोणी द्यावी, याची उत्तरे वैयक्तिक मालकीच्या चौकटीत मिळत नाहीत. मालगुजारी तलावांच्या साखळीत जो प्रश्न गावागावांत होता, तोच येथे बांधाबांधांत आहे.

निष्कर्ष

मालगुजारी तलावांच्या इतिहासातून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, तलाव खासगी असला तरी त्याचा निचरा कधीही पूर्णतः खासगी नसतो. दुसरी, लाभ, श्रम आणि जबाबदारी ही एकत्र बांधलेली असतील तरच निगा टिकते. मालगुजारीत हा बंध विषमतेवर आधारलेला होता, म्हणून तो मोडणे न्याय्य होते, मात्र त्याच्या जागी नवा बंध निर्माण झाला नाही. तिसरी, तलावाविषयीचे हक्क ज्याप्रमाणे नोंदले जातात, त्याप्रमाणे कर्तव्येही नोंदली जाणे आवश्यक आहे. 'वाजिब-उल-अर्ज' हा दस्तऐवज वसाहतकालीन असला, तरी गावाच्या वहिवाटी लिहून ठेवण्याची त्यामागील कल्पना आजही उपयुक्त ठरू शकते. प्रत्येक शेततळ्याच्या सांडव्याची वाट, ती ज्यांच्या शेतांतून जाते ते शेतकरी आणि पावसाळ्यापूर्वी करावयाची कामे यांची नोंद ग्रामसभेत संमतीने झाली, तर हरसूल परिसरातील नव्या तळ्यांवर जुन्या तलावांची अवस्था ओढवणार नाही. पूर्व विदर्भाला ही उणीव जाणवेपर्यंत अनेक तलाव गाळाने भरले होते. हरसूलच्या शेतकऱ्यांना मात्र हा विचार तळे खोदतानाच करता येण्याजोगा आहे.