वास आंब्याचा, पण आत काय? ई-सिगारेटच्या द्रवाची कुंडली

आमच्या तालुक्याच्या गावात कॉलेजच्या आसपास हल्ली पोरांच्या हातात पेनड्राइव्हसारखं काहीतरी दिसतं. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "काका, यात तंबाखू नाही, नुसतं फ्लेवरचं पाणी आहे."

पाणी नाही ते. पोस्ट थोडी लांब आहे, पण घरात तरुण पोरं असतील तर वाचाच.

आजची ई-सिगारेट साधारण २००३ च्या सुमारास चीनमधले औषधतज्ज्ञ होन लिक यांनी तयार केली. तिच्या द्रवात मुख्यतः प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवर असतं. पहिली दोन रसायनं खाण्याच्या पदार्थांतही चालतात. "सेफ आहे" हा समज इथूनच सुरू झाला. पण पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालेलच असं नाही. इतिहासाने हे पुन्हा पुन्हा दाखवलंय.

लोण्याचा वास देणारं डायअसिटिल घ्या. २००० साली अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पॉपकॉर्नच्या एका कारखान्यातल्या आठ माजी कामगारांच्या फुप्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या आकसल्याचं उघड झालं. पॉपकॉर्न खाणारे ठणठणीत, वाफ हुंगणारे आजारी! २०१५ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ई-सिगारेटचे ५१ फ्लेवर तपासले, तर ३९ मध्ये हेच डायअसिटिल सापडलं. म्हणजे ओढणाऱ्या प्रत्येकाला तोच आजार होईल असं नाही, पण हे "फ्लेवरचं पाणी"ही नाही.

मग २०१९ उजाडलं. अमेरिकेत तरुण पोरं धापा टाकत दवाखान्यात येऊ लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि त्यात ६८ मृत्यू. मुख्य संशयित निघालं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. गांजाच्या अर्काच्या चोरट्या मालात ते भेसळ म्हणून घातलं जात होतं. गोळीत घेतलं तर निरुपद्रवी, तापवून ओढलं तर जीवघेणं.

आणि ग्लिसरीन? १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं. १४ रुग्ण गेले, लेन्टिन आयोग बसला. २००९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला ई-सिगारेटच्या एका कार्ट्रिजमध्ये हेच विष सापडलं. बाटलीवर नाव काय आहे यापेक्षा माल कुठल्या दर्जाचा आणि तपासला कुणी, हा खरा प्रश्न.

युरोपात निकोटिनची मर्यादा आहे, मिलिलिटरला २० मिलिग्रॅम. झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये असा नियम आहे. ब्रिटनमध्ये तर सिगारेट सोडू पाहणाऱ्यांसाठी ही कमी घातक वाट मानतात. पण तिथे निकोटिनच्या द्रवाची आधी सरकारकडे नोंद करावी लागते. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ पासून विक्री, साठा, आयात, जाहिरात सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. कायदा कडक, पण माल चोरवाटेने येतोच. आणि चोरून येणाऱ्या मालाला ना लेबलचा भरवसा, ना तपासणी.

बंदी उठवा असं मी म्हणत नाही. माझी मागणी साधी आहे: पकडलेला माल नुसता जाळू नका. आधी प्रयोगशाळेत पाठवा आणि काय निघालं ते जिल्ह्याजिल्ह्यात जाहीर करा. "हे वाईट आहे" या भाषणापेक्षा "तू ओढतोस त्यात हे निघालं" हा कागद पोरांना लवकर पटेल.

तुमच्या गावात काय परिस्थिती आहे? कमेंटमध्ये लिहा.