सूर्यप्रकाशाचा जमाखर्च

वाघ हरणाला खातो आणि हरिण गवत खातें, हें सांगावयास शास्त्रज्ञ लागत नाहीं. परंतु श्रोतेहो, गवतानें साठविलेल्या उन्हापैकीं वाघाच्या वांट्यास किती येतें, हा प्रश्न निराळा. तो आंकड्यांत मांडण्याचें मोठें श्रेय रेमंड लिंडेमन या अमेरिकन तरुणाकडे जातें.

मिनेसोटा संस्थानांतील सीडर बॉग हें जेमतेम मीटरभर खोलीचें, गाळानें भरत चाललेलें तळें. लिंडेमन व त्याची पत्नी एलिनॉर यांनीं पांच वर्षें त्यांतील शेवाळ, किडे आणि मासे यांची मोजदाद केली. चार्ल्स एल्टननें १९२७ सालींच अन्नसाखळीची कल्पना मांडली होती; पण शेवाळाची आणि माशाची बेरीज करावयाची कशी? लिंडेमननें सर्वांना कॅलरीच्या एकाच मापानें मोजलें.

दर चौरस सेंटीमीटरवर वर्षाकांठीं सुमारें १,१९,००० कॅलरी ऊन पडतें असें त्यानें धरलें. त्यांतून वनस्पतींनीं साठविल्या अवघ्या १११. शाकाहारी जीवांपर्यंत पोंचल्या १५ च्या आसपास, आणि मांसाहाऱ्यांपर्यंत तीन! उरलेल्यांपैकीं कांहीं श्वासोच्छ्वासांत खर्चिल्या जातात, कांहीं न खाल्लेल्या जीवांबरोबर गाळांत पडतात. कर्ब व नत्र फिरून मातींत येतात, पुन्हां रोपांत शिरतात. ऊर्जा मात्र एकदां उष्णता होऊन गेली कीं परतत नाहीं. म्हणूनच अन्नसाखळीच्या कड्या चारपांचांपलीकडे सहसा जात नाहींत, आणि रानांत हरणें पुष्कळ, वाघ थोडे.

पाठ्यपुस्तकांतील ‘दहा टक्क्यांचा नियम’ याच लिंडेमनच्या नांवावर खपतो. त्याच्या तळ्यांत मात्र वनस्पतींकडून शाकाहाऱ्यांकडे १३.३ टक्के ऊर्जा जाई, तर विस्कॉन्सिनमधील मेंडोटा सरोवरांत ८.७. निसर्ग इतका गोल आंकडा पाळीत नाहीं.

पुढें येल विद्यापीठांत हचिन्सन यांच्या हाताखालीं त्यानें हा निबंध सिद्ध केला व ‘इकॉलॉजी’ या नियतकालिकाकडे धाडला. ज्यूडे आणि वेल्च या सरोवरशास्त्रांतील दोन बुजुर्ग परीक्षकांनीं तो नाकारण्याची शिफारस केली. पुराव्याच्या मानानें तर्क फार, असा त्यांचा आक्षेप होता. तो सर्वस्वीं चूक होता असें नाहीं. गंमत अशी, कीं मेंडोटाचे आंकडे ज्यूडे यांच्याच परिश्रमाचें फळ होते! हचिन्सन यांनीं संपादक टॉमस पार्क यांना आग्रहाचें पत्र लिहिलें, आणि पार्क यांनीं परीक्षकांचें मत बाजूस सारून निबंध स्वीकारला.

लिंडेमन तेव्हां यकृताच्या विकारानें खंगत होता. २९ जून १९४२ रोजीं, वयाचें सत्ताविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, तो वारला. निबंध ऑक्टोबरच्या अंकांत छापून आला; त्याच्या अखेरीस हचिन्सन यांनीं आपल्या शिष्याच्या मृत्यूची नोंद जोडली होती.