बेडक्याची परीक्षा : उपनगरांतील क्षयनिदानाची वाटचाल

एखाद्या रोगाचा इतिहास सांगताना औषधांच्या शोधाला मानाचे पान देण्याची आपली रीत आहे. परंतु फुफ्फुसाच्या क्षयासारख्या, एका माणसाच्या खोकल्यातून साऱ्या बिऱ्हाडात पसरणाऱ्या व्याधीच्या बाबतीत औषधाच्याही अगोदर निदानाचा विचार करणे प्राप्त आहे. आणि अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या मुलखापुरते बोलायचे तर हा इतिहास म्हणजे प्रयोगशाळा आणि रोग्याचा उंबरठा यांतील अंतर कसकसे तुटत गेले, याचीच हकीकत होय.

राजयक्ष्मा आपल्या वैद्यकाला चरकाच्या काळापासून परिचित होता. जीर्ण ज्वर, कृशता आणि रक्तमिश्रित कफ या लक्षणांवरून वैद्य त्याची पारख करीत. १८१६ साली फ्रान्सच्या लेनेकने नळीतून छातीचा ध्वनी ऐकण्याची युक्ती शोधली. पण रोगाचे मूळ कोणाच्याच दृष्टीस पडले नव्हते. ते २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये जगापुढे मांडले, आणि लवकरच त्सील व नीलसन यांनी त्या जंतूला रंगविण्याची रीत सुधारली. कारण कळले, उपाय मात्र कळला नव्हता. १८८६ साली अमेरिकेत वैद्यकाची पदवी मिळवून स्वदेशी परतलेल्या आनंदीबाई जोशी पुढच्याच वर्षी, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षात, पुण्यास क्षयाने निवर्तल्या. जी विद्या त्यांनी एवढ्या कष्टाने संपादन केली, तिच्यापाशी त्यांना वाचविण्याचे सामर्थ्य त्या काळी नव्हते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढल्या वर्षी खुद्द कॉख त्या साथीच्या अभ्यासासाठी येथे आले, हाफकीन यांची लस निघाली आणि भायखळा-परळच्या परिसरात प्रयोगशाळांचा पाया घातला गेला. ज्यांची ऐपत होती ती माणसे मात्र मोकळ्या हवेच्या शोधात साष्टीकडे, म्हणजे आजच्या उपनगरांकडे, सरकू लागली. १९२० साली उपनगरांचा स्वतंत्र जिल्हा झाला. परंतु शास्त्राची साधने बेटावरच राहिली आणि वस्ती खाडीपलीकडे वाढत गेली. श्रीमंताला पाचगणी वा देवळालीची हवा होती. गरिबाला शिवडीचे रुग्णालय होते, आणि तेथे पोहोचेपर्यंत रोगाने आपले काम पुष्कळसे उरकलेले असे. उपनगरे १९५० आणि १९५७ साली दोन टप्प्यांत महानगरपालिकेच्या हद्दीत आली, तेव्हा दहिसर-मुलुंडपर्यंतच्या रहिवाशांच्या आरोग्याची जबाबदारी एकाच कारभाराखाली आली.

एव्हाना क्षयावर औषधे हाती आली होती, आणि नेमक्या त्याच सुमारास मद्रासेत एक महत्त्वाचा प्रयोग चालू होता. घरी राहून औषध घेणारा गरीब रोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो, हे १९५६ साली सुरू झालेल्या त्या अभ्यासाने सिद्ध केले. मग रोग्याला डोंगरावर धाडण्याचे प्रयोजन उरले नाही. त्याला त्याच्या वस्तीतच हुडकून काढणे हे मुख्य काम ठरले. १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम जारी झाला, आणि बेडक्याची साधी सूक्ष्मदर्शकी परीक्षा हा त्याचा आधारस्तंभ ठरला. छातीचा फोटो संशय दाखवी, साक्ष बेडकाच देई.

ही परीक्षा दिसते साधी, पण ती मोठी एकाग्रता मागते. सकाळी उठल्यावर खोल खोकून काढलेल्या बेडक्यातला घट्ट, पिवळसर अंश काचपट्टीवर पातळ पसरावयाचा, वाळवून ज्योतीवर धरावयाचा, त्यावर कार्बोल-फुक्सिनचा तांबडा रंग ओतून वाफ निघेपर्यंतच तापवावयाचा, उकळू द्यावयाचा नाही. मग गंधकाम्लाने धुवावयाचा आणि मेथिलीन ब्ल्यूने निळा करावयाचा. इतर बहुतेक जंतू अम्लापुढे आपला रंग सोडतात. क्षयाचा जंतू मेणचट कवचामुळे तो सोडीत नाही, आणि निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकलेल्या तांबड्या काडीच्या रूपाने उमटतो. एकही काडी नाही असे लिहिण्यापूर्वी तपासनिसाला निदान शंभर दृष्टिक्षेत्रे पाहावी लागतात. आपल्या शहरातील असंख्य कुटुंबांचे भवितव्य या अनामिक तपासनिसांच्या डोळ्यांवर अवलंबून राहिले आहे, आणि त्यांचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही.

या रीतीला मर्यादा होती. एका मिलिलीटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असल्याखेरीज ते सहसा दृष्टीस पडत नाहीत, आणि त्यांच्यावर कोणते औषध चालेल हेही कळत नाही. त्यासाठी अंड्याच्या हिरवट माध्यमावर जंतू वाढवून सहा-आठ आठवडे वाट पाहावी लागे. तोवर चुकीचे औषध पोटात जाई आणि बळावलेला जंतू शेजाऱ्याकडे जाई. या विलंबाचे फळ किती कडू असते, हे माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेल्या कोणत्याही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी २०११ च्या अखेरीस नोंदविले, तेव्हा साऱ्या देशाला कळले. २०१२ साली प्रत्येक क्षयरोग्याची सरकारदफ्तरी नोंद सक्तीची झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली मान्य केलेल्या जीनएक्स्पर्ट यंत्राने जंतू आणि त्याचा रिफॅम्पिसिन या औषधाला होणारा विरोध ही दोन्ही उत्तरे दोन तासांच्या आत देण्यास आरंभ केला. आणि त्याच कुळातले, बॅटरीवर चालणारे ट्रूनॅट यंत्र आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीने बाजारात आणले, ही अभिमानाची गोष्ट होय.

यंत्र दाराशी आले, तरी दार कोणत्या इमारतीचे आहे हा प्रश्न उरतोच. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींचा २०१८ साली अभ्यास झाला; इमारती परस्परांना खेटून उभ्या असल्याने ज्या घरांत ऊन आणि वारा शिरत नाही, तेथे क्षयाचे प्रमाण अधिक असल्याचे त्यातून दिसून आले. प्लेगच्या काळात ज्या मोकळ्या हवेसाठी माणसे उपनगरात आली, तीच हवा शंभर वर्षांनी गरिबाच्या खोलीतून हद्दपार झाली. प्रयोगशाळेने आपले अंतर तोडले. नगररचनेने आपले वाढविले, असाच निवाडा इतिहासाला द्यावा लागेल.

तो बदलणे सर्वस्वी आपल्या हाती नसले, तरी एक गोष्ट आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला, तर खोकल्याच्या बाटल्या बदलीत बसू नये आणि लोक काय म्हणतील या भीतीने तो लपवूही नये. जवळच्या पालिका दवाखान्यात जाऊन बेडका तपासून घ्यावा. ती तपासणी विनामूल्य आहे, औषधही विनामूल्य आहे, आणि वेळीच ओळखलेला क्षय बरा होतो.