रियाजाचा पगार कोण देतं?

आजचा विषय कलाशिक्षणाचा आहे, पण घराण्यांचे किस्से आज नकोत. आज आपण जमाखर्चाची वही उघडणार आहोत. गेल्या साधारण एकशेचाळीस वर्षांत हिंदुस्थानी संगीत शिकवायला पैसा कुणी घातला, शिकायला कोण आलं आणि शिकलेल्यांना काम कुठे मिळालं, एवढे तीनच प्रश्न. तुम्ही बडोद्यात असा, ग्वाल्हेरला, लखनौला किंवा दिल्लीला, ही गोष्ट तुमच्या शहरावरून जाणारी आहे.

सुरुवात बडोद्यापासून करू. सयाजीराव महाराजांच्या दरबारात कलावंतांचं एक स्वतंत्र खातं होतं, त्याला कलावंत कारखाना म्हणत. गवई, बीनकार, नर्तकी सगळे त्याच्या पटावर. पगार ठरलेला, रजेचे नियम ठरलेले, चुकलं तर दंडही होई. हा पगार कशाचा होता? बोलावणं येईल तेव्हा गाण्याचा, आणि बोलावणं येत नाही त्या दिवसांत गळा तयार ठेवण्याचा. म्हणजे रियाजाचा खर्च त्या पगारातच धरलेला असे.

त्याच बडोद्यात 1886 मध्ये उस्ताद मौलाबक्ष यांच्या हाताखाली गायनशाळा सुरू झाली. मौलाबक्षांनी स्वरलेखनाची पद्धत बसवली, कारण शाळेत येणारं पोर गवयाच्या घरातलं नव्हतं. त्याला वर्ग, फळा आणि पुस्तक लागणार होतं. इथे दोन वेगळे खर्च दिसतात. थोड्या लोकांना कलावंत म्हणून जगवायचं हा एक. पुष्कळ लोकांना थोडं थोडं शिकवायचं हा दुसरा. बडोद्याचा खजिना दोन्ही करत होता. पुढची सगळी कहाणी या दोन खर्चांची ताटातूट कशी झाली याची आहे.

5 मे 1901 रोजी लाहोरला विष्णु दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. कुरुंदवाडचा माणूस, मिरजेला बाळकृष्णबुवांकडे शिकलेला, आणि शाळा काढली पंजाबात! दरबाराचा आश्रय त्यांना नको होता. वर्गणी, तिकीट लावून केलेले जलसे आणि विद्यार्थ्यांची फी यांवर शाळा चालायची. घरंदाज मुलंमुली गाणं शिकू लागली, आणि गाणं शिकणं ही लाजेची गोष्ट राहिली नाही, याचं मोठं श्रेय पलुस्करांचं. त्यांनी आणखी एक केलं. निवडक मुलांना वर्षानुवर्षं आपल्याजवळ ठेवून घेतलं, जेवूखाऊ घातलं आणि शिक्षक म्हणून तयार केलं. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, ओंकारनाथ ठाकूर ही नावं त्यातूनच आली. पण हा भार वर्गणीवर पेलेना. मुंबईची शाळा कर्जात बुडाली आणि 1920च्या दशकात इमारत हातची गेली. 1931 मध्ये पलुस्कर वारले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. त्या मंडळामुळे परीक्षांची पद्धत देशभर पोचली.

दुसरीकडे भातखंडे. पेशाने वकील, राहणार मुंबईचे. 1916 मध्ये बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पुढे 1918 मध्ये ग्वाल्हेरला शिंदे सरकारच्या पाठबळावर माधव संगीत महाविद्यालय निघालं, आणि 1926 मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज. लखनौच्या कॉलेजचे प्राचार्य श्रीकृष्ण रातंजनकर. ते कसे घडले पाहा. बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून त्यांना उस्ताद फैयाज खाँ यांच्यासमोर बसून शिकता आलं. फैयाज खाँ स्वतः दरबारच्या पगारावर. गुरूचा खर्च खजिन्यातून, शिष्याचाही खजिन्यातून. त्या एका शिष्याने पुढे के. जी. गिंडे, दिनकर कायकिणी, चिदानंद नगरकर यांच्यासारखे शिष्य तयार केले. शंभर रुपयांचा हिशेब करणाऱ्याला अशी गुंतवणूक दिसत नाही, कारण तिचं व्याज पुढच्या पिढीत मिळतं.

या बदलात नुकसान झालं तेही वहीत मांडलं पाहिजे. शाळा आल्या, अभ्यासक्रम आले, आणि ज्यांच्या घरात ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली होती त्यांतले बरेच जण दाराबाहेर राहिले. लिहिणं-वाचणं न येणाऱ्या उस्तादाला फळ्यावर राग कसा मांडायचा ते जमणारं नव्हतं. कोठ्यांवर गाणाऱ्या स्त्रियांनी ठुमरी-दादरा सांभाळला, पण नव्या संस्थांत त्यांना अध्यापिकेची खुर्ची क्वचितच मिळाली. 1940च्या दशकात रेडिओनेही त्यांच्यातल्या अनेकींना दार बंद केलं. सुशिक्षित घरांना गाणं मिळालं, त्याची ही दुसरी बाजू.

मग स्वातंत्र्य आलं. 1 मे 1949 रोजी बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. 1950 मध्ये फैयाज खाँ बडोद्यातच गेले. संस्थानिकांचे तनखे 1971 मध्ये घटनादुरुस्तीने बंद झाले, पण दरबारचे गवई तोवर केव्हाच पांगले होते. त्यांना सावरलं आकाशवाणीने. 1952 ते 1962 या काळात नभोवाणी खातं बाळकृष्ण केसकरांकडे होतं. पुण्यात जन्मलेले, स्वतः ध्रुपद शिकलेले. त्यांनी शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, स्वरपरीक्षा आणि श्रेणी लावल्या. काही उस्तादांना या परीक्षेचा अपमान वाटला, आणि तो वाटणं चूक नव्हतं. पण सारंगिये, तबलजी, गवई यांना महिन्याचा पगार आणि ठरलेलं मानधन देणारं एवढं मोठं घर त्या काळी देशात दुसरं नव्हतं.

1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचं उद्घाटन झालं, पाठोपाठ राज्यांच्या अकादम्या, विद्यापीठांत संगीत विभाग. सरकारने दरबाराची जागा घेतली असं आपण म्हणतो. नीट पाहिलं तर त्यातला एकच भाग घेतला. पुरस्कार, महोत्सव आणि वर्ग सरकारने उचलले. तरुण कलावंताला पाच-सात वर्षं पोटाची चिंता न करता बसू देणं, हे फार थोड्या ठिकाणी घडलं. आकाशवाणीतल्या कलावंतांच्या जागाही माणसं निवृत्त झाल्यावर हळूहळू रिकाम्या राहू लागल्या.

आजचं चित्र काय? शिकणाऱ्यांची कमी नाही. प्रारंभिक ते विशारद, अलंकार अशा परीक्षांना देशभर मुलं बसतात. महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या परीक्षांना दहावीत वाढीव गुण मिळतात. गुणांसाठी का होईना, मूल तानपुऱ्यापाशी बसतं, ही मला चांगलीच गोष्ट वाटते. ते पुढे जाणता श्रोता होतं. पण ज्याला दहावीनंतर थांबायचं नाही त्याचं काय? केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची 18 ते 25 वयाच्या कलावंतांसाठी शिष्यवृत्ती आहे. महिना 5000 रुपये, दोन वर्षं. एकूण शिष्यवृत्त्या 400, आणि त्या संगीत, नृत्य, नाटक, चित्रकला, लोककला अशा सगळ्यांत वाटायच्या. दोन वर्षांचे मिळून 1 लाख 20 हजार रुपये. दिल्लीत किंवा पुण्यात खोलीचं भाडं तरी यात भागेल का, हे तुम्हीच सांगा.

हे जमतच नाही असं मात्र नाही. 1981 मध्ये मध्य प्रदेश सरकारने भोपाळला ध्रुपद केंद्र काढलं. गुरू उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर, मोजके शिष्य, त्यांना विद्यावेतन आणि रोज तासन्‌तास तालीम. उज्जैनचे उदय भवाळकर तिथेच तयार झाले. ध्रुपद संपत चाललं आहे असं म्हणण्याच्या काळात एका राज्य सरकारच्या छोट्याशा तरतुदीतून जगभर ऐकले जाणारे गायक निघाले. बडोद्याच्या खजिन्याने रातंजनकरांसाठी जे केलं, तेच लोकशाहीतल्या खात्याने करून दाखवलं.

म्हणून शेवटी एक सूचना. इंदूर, हैदराबाद, दिल्ली, कोलकाता, जिथे जिथे आपली महाराष्ट्र मंडळं आहेत तिथे गणेशोत्सवात एक मोठी मैफल होते. तिचा खर्च तुम्हाला माहीत आहे. एखाद्या वर्षी त्यातला अर्धा खर्च बाजूला काढा आणि आपल्याच शहरातल्या एका मुलाला किंवा मुलीला पाच वर्षं विद्यावेतन द्या. मुलगा मराठीच हवा असा हट्ट धरू नका, लाहोरला पलुस्करांनी तो धरला नव्हता. सहाव्या वर्षी गणेशोत्सवात त्याच मुलाला गायला बसवा, आणि त्या दिवशी मात्र त्याला पूर्ण बिदागी द्या.