गवताचें भांडवल

अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें, तेव्हां दक्षिणेकडील टेक्सस संस्थानांत लांब शिंगांचीं लक्षावधि गुरें मोकाट चरत होतीं. तेथें त्यांना गिऱ्हाईक नव्हतें. उत्तरेकडील शहरांत मात्र गोमांसाचे भाव चढले होते. १८६७ सालीं जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्यानें कॅन्सस संस्थानांतील अ‍ॅबिलीन या आगगाडीच्या ठाण्याजवळ गुरांसाठीं मोठीं आवारें बांधलीं, आणि टेक्ससचे कळप शेंकडों मैल चालत तेथें येऊं लागले.

लवकरच व्यापाऱ्यांच्या ध्यानांत आलें कीं, खच्ची केलेले तरुण खोंड तडक विकण्यापेक्षां वायोमिंग व मोंटाना येथील माळरानांवर एकदोन वर्षें चारून पुष्ट करावे आणि मग शिकागोच्या बाजारीं धाडावे, यांत नफा अधिक आहे. त्या माळांवरील आंखूड गवताचा गुण विलक्षण. उन्हाळ्याच्या अखेरीस तें उभ्याउभ्याच वाळतें, तरी त्यांतील कस बराचसा टिकून राहतो. त्यामुळें हिंवाळ्यासाठीं वैरण साठविण्याची गरजच नाहीं, असा समज दृढ झाला. जमीन सरकारची, गवत फुकट, राखणीस मूठभर गुराखी! या फुकट गवतामागें मात्र एक करुण इतिहास होता. त्यावर पोसलेल्या बायसन नांवाच्या रानगुरांचे प्रचंड कळप शिकाऱ्यांनीं जवळजवळ निर्वंश केले होते, आणि त्या कळपांवर जगणाऱ्या मूळ रहिवाशांना सरकारनें राखीव प्रदेशांत कोंडलें होतें.

या धंद्यांत श्रीमंत कसें व्हावें हें सांगणारें जेम्स ब्रिस्बिन यांचें पुस्तक १८८१ सालीं निघालें. १८८३ सालीं स्कॉटलंडच्या भांडवलावर ‘स्वान लँड अँड कॅटल कंपनी’ उभी राहिली. पुष्कळदां गुरें माळावर न मोजतां वहींतल्या आंकड्यांवरच विकलीं जात. कळप वाढत गेले. गवत वाढलें नाहीं.

१८८६ चा उन्हाळा कोरडा गेला आणि अर्धपोटीं गुरें हिंवाळ्यांत शिरलीं. १८८७ च्या जानेवारींत मोठीं हिमवादळें झालीं. मध्येंच थोडी ऊब येऊन बर्फ वितळलें व पुन्हां गोठलें. त्याचा टणक थर गवतावर बसला. तो फोडून खालचें गवत खाणें जनावरांना साधेना. वाऱ्याकडे पाठ करून तीं चालत राहिलीं आणि कांटेरी तारांच्या कुंपणांशीं अडून तेथेंच मेलीं. पुढें अमेरिकेचे अध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट यांच्या डाकोटांतील कळपाचीहि अशीच वाताहत झाली. स्वान कंपनीचें दिवाळें त्याच वर्षीं वाजलें.

जे मालक तगले त्यांनीं कळप लहान केले, कुरणांना कुंपणें घातलीं आणि उन्हाळ्यांत गवत कापून गंज्या रचल्या. तरुण जनावरें माळावर वाढवावींत आणि शेवटले कांहीं महिने आयोवा, इलिनॉय येथील शेतकऱ्यांनीं तीं मका चारून बाजारासाठीं तयार करावींत, अशी वांटणीहि पुढें रुळली. गवत फुकट मिळालें तरी तें भांडवलच होय, आणि मुद्दल खाल्लें म्हणजे दिवाळें ठरलेलें, हें मालकांना उमगलें. त्या शिकवणीची किंमत मात्र त्यांच्या आधीं मुक्या जनावरांनीं भरली होती.