ल्युकेमिया-प्रतिजन

ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशींवर आढळणारे आणि प्रतिकार यंत्रणेला ओळखता येणारे रेणू. रोगनिदान, अस्थिमज्जा प्रत्यारोपण आणि कार-टी उपचार या तिन्हींचा आधार ही ओळखच आहे.

ओळख अवघड असते, कारण जंतू बाहेरून येतो आणि ल्युकेमियाची पेशी घरचीच असते. स्वतःच्या प्रथिनांवर तुटून पडणाऱ्या बहुतेक टी पेशी थायमस ग्रंथीतच नष्ट केल्या जातात. उरलेल्या पेशी दुसऱ्या पेशीच्या पोटात डोकावू शकत नाहीत. तिने दारात काय मांडले आहे तेवढेच वाचतात. पेशीतल्या प्रथिनांचे साधारण आठ ते दहा अमिनो आम्लांचे तुकडे एचएलए रेणूच्या खोबणीत बसून पृष्ठभागावर येतात. खोबणी आणि तुकडा दोन्ही जुळले, तरच टी पेशी चेतते. एनपीएम१ जनुकातील बदलामुळे किंवा गुणसूत्र ९ व २२ यांच्या अदलाबदलीतून जन्मणाऱ्या बीसीआर-एबीएल प्रथिनामुळे असे परके तुकडे तयार होऊ शकतात. पण फुप्फुसाच्या वा त्वचेच्या कर्करोगाच्या मानाने ल्युकेमियात जनुकीय बदल थोडे, म्हणून परके तुकडेही थोडेच. शिवाय काही पेशी एचएलएच गाळून टाकतात. खोबणी नाही म्हणून टी पेशीला काही दिसत नाही. मात्र नेमक्या त्या उणिवेवर बोट ठेवणाऱ्या एनके पेशी शरीरात असतात.

दुसऱ्याच्या टी पेशींना ही अडचण कमी भासते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी मायलॉइड ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची अस्थिमज्जा दिली. देशातील यशस्वी प्रत्यारोपणाची सुरुवात तिथून धरतात. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. ते जुळले तरी बारीकसारीक प्रथिने वेगळी राहतात, त्यांना गौण प्रतिजन म्हणतात. दात्याच्या टी पेशी ती हेरून उरलासुरला ल्युकेमिया मारतात. जुळ्या, अगदी एकसारख्या भावंडाची मज्जा दिल्यावर रोग उलटण्याचे प्रमाण जास्त दिसते, ते यामुळेच. नंदुरबारच्या सातपुडा भागात रक्ताचा आजार म्हटले की आधी सिकलसेल आठवतो. त्यावरही भावंडाची मज्जा चालते; पण तिथे दात्याच्या पेशींनी निमूट नांदावे एवढीच अपेक्षा असते. ल्युकेमियात त्यांनी थोडे भांडावे असे डॉक्टरांना मनातून वाटत असते. भांडण वाढले, तर त्याच पेशी रुग्णाची त्वचा, यकृत आणि आतडी पोळून काढतात.

सर्वांत उपयोगी ठरलेला प्रतिजन सीडी १९ हा मुळात कर्करोगाचा नव्हेच. तो बी पेशींच्या कुळाचा शिक्का. निरोगी बी पेशींवरही असतो, रक्त घडवणाऱ्या मूळ पेशींवर नसतो. तो ओळखण्यासाठी फ्लो सायटोमेट्री या चाचणीत रक्ताच्या वा मज्जेच्या थेंबात चमकणाऱ्या रंगाचे प्रतिपिंड मिसळतात आणि लेझरसमोरून एकेक पेशी सोडतात. पडद्यावर ठिपक्यांचा पुंजका उमटतो. अहवालात ‘सीडी १९ पॉझिटिव्ह’ लिहिले जाते ते त्यावरून.

हाच शिक्का कार-टी उपचारात निशाणा होतो. रुग्णाचे रक्त यंत्रातून फिरवून टी पेशी वेगळ्या काढतात, बाकीचे रक्त परत देतात. विषाणूच्या वाहनाने त्या पेशींत नवे जनुक घालतात. मग प्रतिपिंडाचा टोकाचा भाग त्यांच्या अंगावर उगवतो. आता एचएलएची गरज उरत नाही. वाढवलेल्या पेशींची गोठवलेली पिशवी खाटेशेजारी कोमट पाण्यात वितळवून शिरेवाटे देतात. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार आणि टाटा मेमोरियलचे डॉक्टर यांनी घडवलेली नेक्सकार१९ ही अशी पहिली भारतीय पद्धती. ४ जून २०२१ रोजी खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात ती प्रथम वापरली गेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी तिचे लोकार्पण केले. परदेशी उपचाराच्या तुलनेत ती बरीच स्वस्त, तरी सुरुवातीचा खर्च चाळीस लाखांच्या घरात होता; स्वस्त हा शब्द इथे जपूनच वापरावा.

कुळाच्या शिक्क्यावर नेम धरल्याने निरोगी बी पेशीही जातात. त्यांच्याविना माणूस जगू शकतो. संसर्ग टाळण्यासाठी गरजेनुसार बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन देता येते. पण काही पेशी सीडी १९ टाकून देतात आणि रोग परततो. मायलॉइड ल्युकेमियात तर पेचच वेगळा. तिथले सीडी ३३ व सीडी १२३ हे प्रतिजन रक्त घडवणाऱ्या निरोगी पेशींवरही असतात. ते सरसकट पुसले तर मज्जाच ओस पडते.